बांधलेल्या हातांचा एक दिवस

कुंदाताई,

तुमच्या शोकाचं बेसणं काकांनी इथल्या सुरती रीतीप्रमाणे चार ते सहा ठेवलं होतं. कतारगामच्या तुमच्या सोसायटीचा हॉल, पांढऱ्या चादरी, समोर तुमचा फोटो. फोटोत तुम्ही चक्क हसताय, हा फोटो काकांनी कुठून शोधून काढला देव जाणे. माणसं येत होती, हात जोडून थोडा वेळ बसत होती, उठून जात होती. आपल्या आयसीयूच्या पोरी एका ओळीत बसल्या होत्या आणि जिला तिला माझीच गोष्ट आठवत होती. म्हणजे तुम्ही सांगायचात ती. नवागामचे आण्णा, त्यांचे बांधलेले हात आणि मनीषानं, म्हणजे मी, ते हात कसे ओळखले. काका माझ्याजवळ येऊन म्हणाले, तुझं नाव आमच्या घरी रोज निघायचं गं. मी मान खाली घालून बसले. पोरींना वाटलं मी रडतेय.

ताई, ती गोष्ट अर्धी खोटी आहे. अकरा वर्षं तुम्ही ती प्रत्येक नव्या बॅचला सांगितलीत आणि अकरा वर्षं मी शेजारी उभी राहून ऐकली. खरं काय ते फक्त मला माहीत होतं आणि तुम्हाला सांगायचं राहून गेलं. तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. आता लिहून तरी काढते.

मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. तुमच्याकडे सहा आठवड्यांची पोस्टिंग लागली होती. डिंडोलीहून येताना बसमध्ये मी सगळं घोकून आले होते. मॉनिटरवरची कुठली रेघ कशाची, कुठल्या आकड्याला घाबरायचं, सगळं तोंडपाठ. पहिल्याच दिवशी तुम्ही मला एका खाटेशी नेलंत, खांदे धरून गर्रकन फिरवलंत आणि म्हणालात, "मशीनकडे पाठ कर. आता सांग, काय दिसते तुले?"

मला काय दिसणार? एक म्हातारी झोपलेली दिसत होती. मग तुम्ही माझा हात तिच्या पावलावर ठेवलात. फक्त बोटं गार आहेत की घोट्यापर्यंत गार, ते बघ म्हणालात. छाती दोन्ही बाजूंनी सारखी उचलते का. ओठाला चीर पडलीय का. डोळे अर्धे उघडे राहिलेत, ते कोरडे पडतील, मलम घाल. पाठीखाली चादरीची घडी राहिलीय, तिची उद्या जखम होईल. लघवीच्या पिशवीत तासाभरात किती जमलं, रंग कसा. श्वास द्यायची हातपिशवी उशाशी आहे ना, सक्शन ओढतंय ना, की गरज पडल्यावर शोधाशोध करणार? अलार्म वाजला की आवाज बंद करायचा नाही, आधी कारण शोधायचं. मी वहीत लिहायला लागले तर तुम्ही वही काढून घेतलीत. हातानं शिक म्हणालात.

आणि हात लावण्याआधी सांगायचं. माणूस शुद्धीवर असो नसो, त्याला सांगितल्याशिवाय त्याच्या अंगाला हात लावायचा नाही. तुम्ही हिऱ्याच्या कारखान्याच्या शेठपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांच्या कानाशी वाकून तेच सांगायचात, बापा, आता कूस बदलवून देते हं. तीस वर्षं सुरतेत काढून तुमचं वर्धा काही सुटलं नव्हतं. तुमचं गुजराती ऐकून डॉक्टर लोक हसू दाबायचे. तुम्हाला त्याचं काहीच वाटायचं नाही. तुम्ही कुठल्या गावच्या, तुमचे वडील काय करायचे, हे तुम्ही कुणी विचारायच्या आधीच सांगून मोकळ्या व्हायचात.

माझं उलटं होतं. माझे वडील 'टेक्सटाइलमध्ये' आहेत, असं मी कॉलेजात सांगितलं होतं. खोटं नव्हतं ते, पण सांगायची तऱ्हा अशी होती की ऐकणाऱ्याला रिंग रोडवरचं एखादं कापडाचं दुकान डोळ्यांसमोर यावं. माझे बाबा पॉवरलूमच्या शेडमध्ये बारा तास उभे राहून मशीनं चालवायचे. त्या खडखडाटात कुणाला कुणाचं ऐकू येत नाही, म्हणून तिथले कारीगर हातानंच बोलतात. वीसेक वर्षांनी कान जातातच. बाबांचेही गेले होते. घरी ते आमचे ओठ बघून बोलणं ओळखायचे आणि बरंचसं हातानंच सांगायचे. दोन बोटं कातरीसारखी हलवली की तार, म्हणजे मशीनवरचा धागा, तुटली. हाताचा पंजा खाली दाबला की मशीन बंद कर. आमच्याकडे टीव्ही बंद करायलाही तीच खूण चालायची. अहिराणी आणि ह्या खुणा मी घराच्या उंबऱ्याच्या आत ठेवल्या होत्या. बाहेर मी झकास गुजराती बोलायचे.

आता तो दिवस. तुमची त्या दिवशी सुट्टी होती, ताई. गोष्टीत तुम्ही हे कधी सांगत नव्हतात, कारण तुमच्या लेखी त्या दिवशी काहीच घडलं नव्हतं. गोष्ट दुसऱ्या दिवशी सुरू व्हायची.

आण्णा न्युमोनियानं व्हेंटिलेटरवर होते. पंचावन्नच्या आसपास वय, लूमवर काम, नवागामला घर, मूळचे धुळ्याकडचे. त्या दुपारी डॉक्टरांनी झोपेचं औषध थांबवून पाहिलं. आण्णांनी डोळे उघडले. डॉक्टर तोंडाला मास्क लावून मोठ्यानं म्हणाले, काका, हाथ दबाओ. आण्णा नुसते बघत राहिले. परत सांगितलं, गुजरातीतून सांगितलं. काही नाही. आणि मग आण्णांचा उजवा हात वर आला. दोन बोटं हलली, कातरीसारखी. मग पंजा खाली दाबला. पुन्हा दोन बोटं, पुन्हा पंजा, अधिकाधिक जोरात. नळीला हात लागेल म्हणून त्या पाळीच्या सिस्टर धावल्या. पेशंट गोंधळलाय, ऐकत नाही, असं ठरलं. दोन्ही मनगटं पट्टीनं खाटेला बांधली आणि औषध पुन्हा सुरू झालं. मी पायथ्याशी उभी होते, ताई. दुसऱ्या मनगटाची गाठ मी मारली.

पहिल्यांदा बोटं हलली तेव्हाच मला कळलं होतं.

ते गोंधळलेले नव्हते. त्यांना ऐकू येत नव्हतं आणि मास्कमुळे ओठ दिसत नव्हते. ते सांगत होते, तार तुटलीय, मशीन बंद करा. हे सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. पण मग कुणीतरी विचारलं असतं, तुला कसं गं माहीत? माझ्याबरोबर कॉलेजच्या दोन मुली उभ्या होत्या. एवढ्यासाठी मी गप्प बसले. ह्याहून मोठं काही कारण असतं तर मला बरं वाटलं असतं, पण नव्हतं.

संध्याकाळी भेटीच्या वेळेला त्यांची बायको आली. माझ्या चेहऱ्याकडे बघत तिनं विचारलं, "पोरी, तू आमनाकडनी शेस का?" मी तिला हिंदीतून सांगितलं की मला मराठी नीट येत नाही. मग ती बिचारी मोडक्या हिंदीत विचारत राहिली, हात का बांधलेत, आणि मी तिला समजावून सांगितलं की त्यांच्या भल्यासाठीच बांधलेत.

घरी आले तर बाबा चहा घेत बसले होते आणि आई मिक्सर फिरवत होती. त्यांना आवाज ऐकू येत नव्हता, पण कपाखाली फळी थरथरत होती. त्यांनी आईकडे बघून पंजा खाली दाबला. मी उठून मोरीत गेले आणि तोंड धूत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आलात. फेरी सुरू झाली, आण्णांच्या खाटेशी तुम्ही मला नेहमीसारखं मशीनकडे पाठ करून उभं केलंत आणि काय दिसतं विचारलंत. औषध उतरत होतं, आण्णांची बोटं बांधल्याजागीच हलत होती. मनगटं लाल झाली होती. मी त्यांच्या तोंडासमोर गेले, मास्क खाली केला आणि दोन बोटं हलवून दाखवली, मग पंजा दाबला. आण्णांच्या डोळ्यांत पाणी भरलं. मी ओठ मोठे करून म्हटलं, आण्णा, मन्हा हात दाबा. त्यांनी असा दाबला की माझी अंगठी रुतली.

"मास्क वर," तुम्ही म्हणालात. आणि लगेच, "पुन्हा कर. मले दाखव."

मग तुम्ही स्वतः गाठी सोडल्यात, डॉक्टरांना बोलावलंत. पुढच्या दिवशी नळी निघाली. आण्णा पायी चालत घरी गेले, हे सगळं तुमच्या गोष्टीत होतं. त्यांच्या बायकोनं जाण्याआधी काय सांगितलं, तेही होतं. "मशीन बंद करा, मशीन बंद करा, दिनभर सांगं त्यास्नी. कोनी ऐकंच नही." आण्णांना वाटत होतं की ते शेडमध्येच आहेत, तार तुटलीय, सगळा माल खराब होतोय आणि इतकी माणसं उभी असून कुणी मशीन थांबवत नाही. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "पोरी, तू नसती तर आम्ही त्या माणसाले अजून किती दिवस बांधून ठेवलं असतं."

तेव्हा सांगायचं होतं ना मी? जीभ उचललीसुद्धा होती. पण तुमचा हात डोक्यावर होता आणि मला तो हवा होता. आमच्या घरात शिकलेलं कुणी नव्हतं. मी काहीतरी आहे असं त्याआधी मला कुणी सांगितलं नव्हतं.

तुम्ही त्या एका गोष्टीवर केवढं उभं केलंत. भरतीच्या कागदावर औषधांच्या अ‍ॅलर्जीखाली तुम्ही पेनानं एक ओळ वाढवलीत, 'कानाने ऐकू येते का, काय काम करतात'. पुढे ती छापूनच यायला लागली. लूमच्या खुणा तुम्ही माझ्याकडून शिकलात आणि इतक्या वाईट करायचात की एकदा एका कारीगरानं हसून तुमची बोटं धरून नीट केली. आणि दर बॅचच्या पहिल्या आठवड्यात रिकाम्या खाटेवर एकेकीला झोपवून, मनगटं पट्टीनं बांधून, तुम्ही सरळ चहाला निघून जायचात. दहा मिनिटं. नाक खाजतं, केस तोंडावर येतात, आणि येणारीजाणारी प्रत्येक जण आपल्याला बघून पुढे जाते. पोरी रडकुंडीला यायच्या. पहिला प्रयोग तुम्ही माझ्यावर केलात, कारण मला ते आधीच समजलंय अशी तुमची खात्री होती. मी छताकडे बघत पडून होते आणि मनाशी ठरवत होते, ताई आल्या की सांगून टाकायचं. तुम्ही आलात, गाठी सोडल्यात, माझ्यासाठी आणलेला चहा पुढे केलात. मी चहा प्यायले.

पास झाल्यावर मी तुमच्याकडेच नोकरीला आले. बाकी काही नाही तरी एक केलं मी. नवागाम, डिंडोलीचा पेशंट आला की अहिराणीत बोलायला लागले, सगळ्यांदेखत. बाबा काय करतात तेही सांगायला लागले. तुम्हाला वाटलं पोरगी धीट झाली. धीट कसली, ताई, मी हप्त्याहप्त्यानं फेड करत होते. आणि मुद्दल तसंच होतं.

आपलं ते एक भांडणही अर्धंच राहिलं. दोन वर्षांपूर्वी एका पेशंटनं नळी ओढून काढली, जिवावर बेतलं. दुसऱ्यांदा तो तसंच करायला लागला तेव्हा मी डॉक्टरांना विचारून, तासाभरासाठी त्याचे हात बांधले. तुम्ही आलात आणि खवळलात. मी म्हटलं, ताई, कधीकधी बांधावे लागतात, दर खाटेशी बसायला माणूस कुठून आणायचा? तुम्ही म्हणालात, "ज्या पोरीले हात वाचता येतात, ती हात बांधाची गोष्ट करते?" त्यावर माझं तोंड बंद झालं. तुम्हाला वाटलं मला पटलं. मला अजूनही पटलेलं नाही, माझं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पण त्या वाक्यापुढे उभं राहायला मला जागा नव्हती. तीन दिवस आपण कामापुरतं बोललो, मग तुम्ही डब्यातलं वांग्याचं भरीत पुढे सरकवलंत आणि विषय मिटला, म्हणजे मिटवला.

आणि मग तुम्हीच आजारी पडून आपल्याकडे आलात, खिडकीजवळच्या तीन नंबरला. तुमचं नाव पाटीवर मीच लिहिलं. बारा दिवस. तुमचे हात आम्ही एक क्षणही बांधले नाहीत, ताई. पोरी पाळीपाळीनं खुर्ची घेऊन हात धरून बसायच्या. ज्यांची ड्यूटी संपली होती त्याही बसल्या. माझ्या तेव्हाच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी देऊन टाकलं, असं तुम्ही म्हणाला असतात. मी म्हटलं असतं, तुम्ही इनचार्ज आहात म्हणून बसल्या, उद्या परक्या माणसासाठी बसतील तेव्हा मानेन. बघा, अजून भांडतेय.

मी तुम्हाला सगळं सांगून करत होते. ताई, तोंड साफ करतेय. ताई, डावीकडे वळवतेय. ताई, डोळ्यांत मलम घालते, गार लागेल. तुमचे पाय मी दर तासाला बघत होते, आधी बोटं गार झाली, मग घोटे. काय होतंय ते कळत होतं आणि ते तुम्हीच शिकवलेलं होतं. सहाव्या दिवशी सकाळी औषध थांबवलं तेव्हा तुम्ही डोळे उघडलेत. माझ्याकडे बघितलंत, ओळखलंत. मी म्हटलं, ताई, हात दाबा, तुम्ही दाबलात. आसपास कुणी नव्हतं. मी तुम्हाला कोणतं औषध बदललं ते सांगितलं, काका बाहेर बसलेत ते सांगितलं, बाहेर ऊन पडलंय हेही सांगितलं. तुम्ही बघत होतात. तेवढं एक सोडून मी सगळं सांगितलं. तोंडात नळी असलेल्या माणसाला, ज्याला उलट एक शब्द बोलता येत नाही त्याला, आपलं ओझं कशाला द्यायचं, असं मी नंतर स्वतःला समजावलं. पण खरं तसं नाही. तुमच्या डोळ्यांतला माझ्याबद्दलचा विश्वास मला बघता बघता कमी होताना बघायचा नव्हता. मी पुन्हा एकदा स्वतःसाठीच गप्प बसले. त्यानंतर तुम्ही डोळे उघडले नाहीत.

तुमच्या जागी सध्या मला ठेवलंय. तुमच्या खुर्चीत मी बसत नाही, शेजारी स्टूल घेते, पोरींना ते विचित्र वाटतं. ह्या सोमवारी नवी बॅच आली, सहा मुली. मी एकेकीचे हात बांधले, दहा मिनिटांनी सोडले. मग त्यांनी ती गोष्ट मागितली, त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती. मी सांगायला सुरुवात केली आणि ह्या वेळी आदल्या दिवसापासून केली. गाठ मी मारली तेही सांगितलं. आण्णांच्या बायकोला मी हिंदीत काय उत्तर दिलं तेही. मध्येच एकीनं उठून मला पाणी आणून दिलं.

मग एक जण म्हणाली, सिस्टर, तुम्ही तेव्हा किती लहान होतात. दुसरी म्हणाली, दुसऱ्या दिवशी तरी सांगितलंत ना, कित्येक जण तेवढंही सांगत नाहीत. बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकीनं माझा हात धरला. सगळं मिळून अर्धं मिनिटही लागलं नसेल. मग त्यांची जेवायची वेळ झाली आणि त्या डबे घेऊन गेल्या.

चांगल्या मुली आहेत, ताई. त्यांनी मला माफ करून टाकलं. तुम्ही केलं नसतंत, इतक्यात तर नाहीच. तुम्ही मला उभं केलं असतंत आणि विचारलं असतंत, एक पूर्ण दिवस गप्प राहिली पोरी, त्या माणसाच्या डोळ्यांदेखत? माझं कुठलंच कारण तुम्ही चालू दिलं नसतंत. महिनाभर बोलला नसतात कदाचित, काय सांगावं, पुन्हा तशा कधी बोलला नसतातही. अकरा वर्षं मी त्यालाच घाबरत होते. आता इथे सगळे माझ्याशी इतकं गोड बोलतात आणि मला ते रागावणं हवंय, ताई, तुमचंच.